कोरियाचा कोबी आणि सह्याद्रीचा माथा

अंधेरीच्या चार बंगल्यांच्या बाजारात, बोरिवली स्थानकालगतच्या भाजीगल्ल्यांत, आणि मुलुंड-घाटकोपरच्या ज्या दुकानांत ब्रोकोली, झुकिनी व लाल-पिवळी ढोबळी मिरची यांना आता कोणी परके मानीत नाही तेथे, अलीकडे लांबट आकाराचा, फिकट हिरव्या सुरकुतलेल्या पानांचा आणि रुंद पांढऱ्या देठांचा एक गड्डा दिसू लागला आहे. भाजीवाला त्याला चायनीज कोबी म्हणतो. गिऱ्हाईक, विशेषतः ते महाविद्यालयीन वयाचे असेल तर, किमचीचा कोबी म्हणून मागते. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पाहिल्या गेलेल्या कोरियन मालिकांनी जी अभिरुची उत्पन्न केली तिचा हा भाजीबाजारातील पडसाद होय. अभिरुचीचे मूळ पडद्यावर आहे एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. इराण्याच्या ब्रुन पावापासून शेजवान चटणीपर्यंत परक्याचे आपलेसे करून घेण्यात मुंबईकराने आजवर कधी संकोच केलेला नाही.

परंतु या अभिरुचीतून जो प्रश्न उद्भवतो तो खवय्यांपुरता उरत नाही. ज्या भाज्या कोरियात थंड डोंगरी प्रदेशात, ठिबक, आच्छादन-कागद आणि हरितगृहे यांच्या साह्याने पिकविल्या जातात, त्या आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर, म्हणजे महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर, त्याच आधुनिक पद्धतीने पिकवून मुंबईच्या उपनगरांस पुरवाव्यात काय, असा विचार हौशी बागायतदारांत आणि अनुदानाच्या योजना वाचणाऱ्या सुशिक्षित तरुणांत बोलला जातो. त्याचा साधकबाधक आढावा घेण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की महाबळेश्वरी परदेशी भाजी लावण्याची कल्पना काही आजची नव्हे. १८२९ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी सातारकर प्रतापसिंह महाराजांस खंडाळा हे गाव देऊन त्याच्या मोबदल्यात महाबळेश्वरचा मुलूख घेतला आणि माल्कम पेठ वसविली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८३४ मध्ये, तेथे एक तुरुंग बांधण्यात आला, व त्यात सिंगापूर-मलायाकडून पाठविलेले चिनी आणि मलायी बंदिवान ठेवण्यात आले. या चिनी बंदिवानांनी पठारावर बटाटे, आरारूट आणि विलायती भाज्यांचे मळे फुलविले, आणि १८६४ मध्ये तुरुंग बंद झाल्यावरही ती विद्या स्थानिक लोकांच्या हाती राहिली. ज्या ओढ्याकाठी त्यांची बाग होती तेथील धबधब्यास आजही चायनामनचा धबधबा म्हणतात, आणि तेथे छायाचित्रे काढून घेणाऱ्या पर्यटकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की आपण खाल्लेल्या बटाट्याच्या काचऱ्यांचा या नावाशी दूरचा का होईना संबंध आहे. सरकारी दप्तराने ज्यांची गणना कैदी म्हणून केली त्यांनीच या पठाराच्या बागायतीचा पाया घातला, ही गोष्ट आपल्या कृषीच्या इतिहासात याहून ठळक अक्षरांत नोंदली जावयास हवी होती.

पुढे याच मातीत स्ट्रॉबेरी रुजली. भिलार, भोसे, गुरेघर, मेटगुताड या गावांतील शेतकरी परदेशांतून मातृरोपे आणवितात, पावसाळ्यात त्यांचे धावते कोंब रोपवाटिकेत वाढवितात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गादीवाफ्यांवर पुनर्लागवड करतात, वाफ्यांवर चंदेरी-काळा कागद अंथरतात आणि विद्राव्य खते ठिबकाच्या नळीतून झाडाच्या मुळाशी पोचवितात. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे आधुनिक पद्धती म्हणून जिचा एवढा बोलबाला होतो ती या पठारास नवी नाही. कोरियन भाज्यांकरिता शेतकऱ्यास शिकावे लागेल ते पिकाचे शास्त्र, तंत्राचे नव्हे. हा लाभ लहान नाही, कारण ठिबकाची नळी तुंबली तर ती कशी मोकळी करावी हे कोणत्याही प्रशिक्षण वर्गापेक्षा चार हंगामांचा अनुभवच अधिक चांगले शिकवितो.

आता कोरियाकडे वळू. त्या देशाच्या ईशान्येस गांगवॉन नावाचा डोंगराळ प्रांत आहे. समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून अधिक उंचीवरील शेतीस तेथे उच्च-शीत शेती असे वेगळे स्थान आहे. देग्वाल्ल्योंग येथे तिच्याकरिता स्वतंत्र संशोधन संस्था आहे, आणि सुमारे ११०० मीटर उंचीवरील आन्बान्देगी या वस्तीत उन्हाळ्यात कोबीची शेते डोंगरउतारावर नजर पोचेल तेथवर पसरलेली असतात. कोरियन माणसाचे कोबी आणि मुळा यांवाचून एक दिवसही चालत नाही असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. हिवाळ्यापूर्वी सर्व कुटुंबाने मिळून किमची घालण्याच्या त्यांच्या प्रथेस युनेस्कोने २०१३ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

या कोबीच्या बियाण्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९४५ साली जपानी अंमल संपला तेव्हा कोबी आणि मुळा यांच्या बियाण्याकरिता कोरिया जपानवर अवलंबून होता, आणि ही पराधीनता दूर करण्याचे श्रेय ज्या शास्त्रज्ञाला दिले जाते ते ऊ जांग-चुन हे स्वतः १८९८ साली जपानातच, कोरियन पिता आणि जपानी माता यांच्या पोटी जन्मले होते. १९५० मध्ये ते कोरियात आले आणि १९५९ मध्ये निधन पावेपर्यंत तेथेच बीजनिर्मितीच्या कार्यात राहिले. तत्पूर्वी १९३५ मध्ये त्यांनी मोहरीवर्गीय वनस्पतींच्या परस्परसंबंधांचा जो सिद्धान्त मांडला तो वनस्पतिशास्त्रात त्रिकोणाच्या रूपाने आजही शिकविला जातो: तीन मूळ जाती, आणि त्यांच्या दोन-दोनांच्या संकरातून निर्माण झालेल्या तीन संमिश्र जाती. या त्रिकोणाच्या एका कोनावर किमचीच्या कोबीची जात आहे, दुसऱ्यावर काळ्या मोहरीची, आणि त्या दोहोंच्या संकराने जी जात उत्पन्न झाली तीच आपल्या फोडणीतील राई. तात्पर्य, चार बंगल्यांच्या बाजारातील तो गड्डा आपल्या मोहरीच्या डब्याचा नातलगच आहे. त्याला पाहुणा म्हणण्याचे कारण नाही.

नाते असले म्हणजे हवामान जुळतेच असे मात्र नाही, आणि या प्रश्नाचे मर्म माझ्या मते येथेच आहे. उंच प्रदेशातील भाजीला भाव मिळतो तो केवळ ती उंचावर पिकते म्हणून नव्हे, तर ज्या काळात सपाट मुलखात ती पिकू शकत नाही त्या काळात ती उंचावर पिकते म्हणून. गांगवॉनच्या कोबीचा हंगाम जुलै ते सप्टेंबर हा असतो. त्या वेळी कोरियाची मैदाने उष्म्याने आणि दमटपणाने कोबीस प्रतिकूल झालेली असतात, आणि सोलच्या बाजारपेठेला डोंगराकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नसते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात महाबळेश्वरी साधारण साडेपाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. सतत धुके, सूर्यदर्शनाचा अभाव आणि वाहून जाणारी माती अशा स्थितीत उघड्या शेतात कोबी धरणे हे केवळ अशक्य, आणि हरितगृहात धरणे हे पठारावरील वाऱ्याने त्याचा कागद फाडला नाही तर शक्य. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ पठारावर सुखद असतो खरा, पण तो नाशिक, जुन्नर, खेड आणि पुरंदर येथेही तितकाच सुखद असतो. तेथील जमीन सपाट, मजुरी सोयीची, आणि माल पसरणीचा घाट न उतरता थेट महामार्गावर येतो. अशा स्थितीत जानेवारीत महाबळेश्वरी कोबी लावणारा शेतकरी उंचीचा खर्च सोसतो आणि उंचीचा लाभ मात्र त्याच्या पदरात पडत नाही.

उरला मार्च ते मे हा काळ. या तीन महिन्यांतच पठार मैदानांपेक्षा खरोखर थंड असते आणि मुंबईच्या बाजारात नाजूक पालेभाजीचा तुटवडा असतो. तथापि येथेही दोन अडचणी आहेत. किमचीच्या कोबीस गड्डा भरण्याच्या वेळी १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. २५ अंशांच्या पुढे गड्डा सैल राहतो, आणि एप्रिलमध्ये महाबळेश्वरचे दिवसाचे तापमान ३० अंशांच्या आसपास जाते. दुसरी अडचण पाण्याची. ज्या पठारावर एवढा पाऊस पडतो तेथे उन्हाळ्यात विहिरी आटतात हे ऐकून उपनगरवासी चकित होतो, परंतु जांभ्याचा खडक पाणी धरून ठेवीत नाही आणि उतार ते थांबू देत नाही. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. पण त्या पाण्यावर स्ट्रॉबेरीचा आणि हॉटेलांचा पहिला हक्क असतो, आणि तो मोडणारे पीक अजून जन्मास यावयाचे आहे. शिवाय याच तीन महिन्यांत सव्वादोन हजार मीटर उंचीवरील ऊटीचा माल मुंबईस येत असतो, हेही विसरता येत नाही.

हवामानाच्या या खोड्या पिकाच्या अंगावर कशा उमटतात हे पाहावयाचे असल्यास बाजारातला एक गड्डा उभा चिरून पाहावा. बाहेरची पाने भाजीवाल्याने काढून टाकलेली असल्यामुळे वरून तो निर्दोष दिसतो. परंतु आतील कोवळ्या पिवळ्या पानांच्या कडा कित्येकदा जळक्या कागदासारख्या तपकिरी झालेल्या आढळतात. जमिनीत चुना नसतो असे नाही. उष्ण दिवसांत पीक इतक्या वेगाने वाढते की आतल्या मिटलेल्या पानांपर्यंत कॅल्शियम पोचतच नाही, आणि त्याचा हा परिणाम. दुसऱ्या एखाद्या गड्ड्याच्या मध्यभागी बोटभर लांबीचा जाड दांडा सापडतो; तो फुलोऱ्याचा आरंभ होय. रोप लहान असताना दोनएक आठवडे १२-१३ अंशांखालील थंडी त्याला लागली की ते गड्डा धरण्याऐवजी फुलण्याच्या नादास लागते. वेण्णा तलावाच्या परिसरात ज्या वर्षी दव गोठते त्या वर्षी सहल काढणाऱ्यांची चैन होते, कोबीवाल्याची नव्हे. मुळा असा फुलला तर निदान डिंगऱ्यांची भाजी होते; कोबीचे तेही सांत्वन नाही.

मातीविषयी थोडे सांगितले पाहिजे. पठाराची जांभी माती आम्लधर्मी आहे, आणि कोबीवर्गीय पिकांच्या मुळांना गाठी आणणाऱ्या क्लबरूट नावाच्या रोगास अशी माती प्रिय असते. गांगवॉनमध्ये एकाच शेतात वर्षानुवर्षे कोबी घेतल्यामुळे हा रोग तेथे बळावला असून तो मातीत दीर्घकाळ टिकतो. चुना घालून माती सुधारणे आणि पिकांची फेरपालट करणे याखेरीज त्यावर खात्रीचा उपाय नाही. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी तर आपल्या साध्या कोबीच्या शेतकऱ्यास पुरेपूर परिचित आहे. उच्च-शीत शेतीचे आणखी एक देणे कोरियाने चुकते केले आहे: उतारावरील शेतांची माती पावसाने वाहून सोयांग जलाशयाचे पाणी वारंवार गढूळ झाले, आणि डोंगरावरील कोबीची किंमत खालच्या गावांच्या पाण्याने भरली. आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम ठरविण्यात आला असून कृष्णा, कोयना, वेण्णा आदी नद्या याच माथ्यावर उगम पावतात. तेव्हा नव्या पिकाच्या निमित्ताने आणखी एखादा उतार नांगरावा असे कोणी सुचविले तर त्याला स्पष्ट नकार द्यावा. जे काही व्हावयाचे ते आज लागवडीखाली असलेल्या वाफ्यांवरच व्हावे.

मैदानी भागातील परिस्थिती त्या मानाने सोपी आहे. तळेगाव दाभाड्याच्या परिसरात त्रिकाया ॲग्रिकल्चरसारख्या उद्योगांनी विदेशी भाजीपाल्याची लागवड तीसेक वर्षांपूर्वीच रुळविली. २००५ नंतर राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून हरितगृहे व शेडनेट यांच्या खर्चाचा निम्म्यापर्यंतचा भाग अनुदानरूपाने मिळू लागला, आणि मावळ-जुन्नरच्या माळांवर पांढरे छप्पर ही नित्याची गोष्ट झाली. रांजणगावास एलजीचा कारखाना आहे, तळेगावास ह्युंदाईने जुना मोटार कारखाना विकत घेतला आहे, आणि या कारखान्यांबरोबर आलेली कोरियन कुटुंबे ही अशा भाजीची सर्वांत चोखंदळ गिऱ्हाइके आहेत. हिवाळी कोबी आणि जाड, गोलसर, हिरव्या खांद्याचा कोरियन मुळा येथे पिकविण्यास थंड पठाराची गरजच नाही. मिरचीच्या बाबतीत तर मी म्हणेन की कोरियन बियाणे आणण्याचा खटाटोपच करू नये: पोर्तुगिजांनी अमेरिकेहून पूर्वेस आणलेल्या मिरचीचीच ती लेक, आणि कमी तिखट व गर्द रंगाची आपली ब्याडगी जाडसर कांडली असता तिचे काम उत्तम करते.

परंतु पिकविणे हा अर्धा भाग झाला; उरलेला अर्धा वाशीच्या बाजारात घडतो. भायखळ्याहून १९९६ मध्ये तेथे हलविलेल्या भाजीबाजारात माल मध्यरात्रीनंतर उतरतो, आणि २०१६ मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाल्यावरही बहुतेक शेतकऱ्यांच्या मालाची पट्टी आजही दलालाच्या गाळ्यावरच फाटते. विदेशी भाजीचा बाजार उथळ असतो ही तेथील सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट आहे: दहा क्रेट आले तर भाव चढा, त्याच दिवशी चाळीस आले तर उचल नाही. साधा कोबी पडेल भावात का होईना खानावळी उचलतात. किमचीचा कोबी ज्यांना माहीत नाही ते तो फुकटही नेत नाहीत. शून्य अंशाच्या आसपास, भरपूर आर्द्रतेत, तो दोन-तीन महिने टिकतो, पण असे शीतगृह शेतावर हवे. उपनगरातल्या दुकानाच्या थंड कपाटात पोचेपर्यंत त्याचा निम्मा जीव गेलेला असतो.

शिवाय उपनगरांची मागणी नीट तपासली तर ती भाजीची कमी आणि बरणीची अधिक आहे. तरुण मंडळी नूडल्सबरोबर तयार किमची खातात. गड्डा विकत घेऊन, मीठ चोळून, रात्रभर निथळत ठेवून घरी किमची घालणारे थोडे. त्यातही मुलुंड आणि घाटकोपर येथील जैन-गुजराती घरांत लसूण, कांदा, आले आणि मुळा वर्ज्य, आणि माशांच्या आंबवणाचा तर विचारच नको. अशा किमचीत उरते काय, असे कोणी विचारील. पण कोरियातील बौद्ध मठांत लसूण-कांद्याची पाच उग्र द्रव्ये आणि मासळी वगळूनच किमची घातली जाते, आणि ती पंथाची जुनी परंपरा आहे. मुलुंडच्या गिऱ्हाइकास हवी असलेली बरणी कोरियाच्या मठांत आधीच तयार आहे, आणि उद्योजकांपैकी फारच थोड्यांच्या हे ध्यानात आले आहे, याचे मला नवल वाटते.

पानांच्या भाज्यांचा विचार वेगळा. पेरिलाची सुगंधी पाने, ज्यांत कोरियन लोक भाताचा घास गुंडाळतात, किंवा शेवंतीच्या कुळातली त्यांची कोवळी पालेभाजी, ही हलकी, नाशवंत आणि महाग असल्याने पठारावरून २५० किलोमीटर आणण्यापेक्षा अंधेरीतच बंदिस्त जागेत, मातीवाचून, पोषक पाण्यावर वाढवावी हे व्यवहार्य. अशी लहान शेते उपनगरांत गेल्या दशकात निघाली आहेत. विजेचे देयक त्यांचा नफा खाते, आणि म्हणून तेथे कोबी किंवा मुळा यांसारखे वजनदार पीक घेणे हे निव्वळ प्रदर्शन ठरेल.

गांगवॉनच्या डोंगरातील लोकांना कोबीइतकाच अभिमान तेथील रानभाज्यांचा आहे; त्या वाळवून वर्षभर भातात शिजवितात आणि पर्यटकांस चढ्या भावाने खाऊ घालतात. बोरिवली आणि मुलुंडच्या स्थानकांबाहेर पावसाळ्यात राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या पाड्यांतील वारली स्त्रिया शेवळे, टाकळा, भारंगी, फोडशी यांच्या जुड्या घेऊन बसतात, आणि किमचीच्या कोबीकरिता मोबाईलवर दुकाने धुंडाळणारा गृहस्थ त्यांच्याशी पाच रुपयांकरिता घासाघीस करतो. याबद्दल अधिक लिहिण्याचा मोह आवरतो.

कोरियाचा स्वतःचा अनुभवही आज निश्चिंततेचा राहिलेला नाही. २०१० च्या शरद ऋतूत कोबीचा तुटवडा पडून त्याची राष्ट्रीय चर्चा झाली, आणि २०२४ च्या सप्टेंबरात उष्णतेच्या लाटेने एका गड्ड्याचा भाव सुमारे १०,००० वॉनपर्यंत गेला तेव्हा सरकारला चीनहून कोबी आणवावा लागला. ज्या डोंगराच्या थंडीवर सर्व व्यवस्था उभारली ती थंडीच कमी होत चालली आहे. तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्राने, म्हणजे १९७१ साली स्थापन झालेल्या पूर्वीच्या आशियाई भाजीपाला संशोधन केंद्राने, उष्णता सोसणाऱ्या चिनी कोबीवर आरंभापासून काम केले आहे. आपल्याला उपयोगी पडावयाचे असेल तर ते गांगवॉनच्या बियाण्यापेक्षा तैवानचे हे बियाणेच अधिक पडेल असे मला वाटते.

तेव्हा सद्यःस्थितीत पठारावरील शेतकऱ्याने कोरियन भाजीकरिता स्ट्रॉबेरी मोडू नये. लवकर रिकाम्या होणाऱ्या वाफ्यांवर, शेडनेटखाली, मार्च-एप्रिलचे एखादे पीक घ्यावयाचे तर किमची बनविणाऱ्या उद्योगाशी भाव आणि उचल यांचा लेखी करार करूनच घ्यावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गव्हावरील तांबेऱ्याचे संशोधन केंद्र महाबळेश्वरीच आहे, आणि या पठाराच्या हवेची नोंद ठेवण्याची वहिवाट तेथे जुनी आहे. विद्यापीठास विनंती अशी की तैवानी आणि कोरियन वाणांची उन्हाळी चाचणी त्याच हवेत सलग तीन वर्षे घ्यावी, प्रत्येक गड्ड्यामागे किती पाणी लागले ते मोजावे, आणि जे वाण फसले त्यांच्या नावांसह सर्व निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध करावेत.